दादाच्या चित्राला हार

धानोऱ्यात हास्यचित्रांचं संग्रहालय काढतोय म्हटल्यावर लोकांनी मला पहिला प्रश्न विचारला, तो 'कशाला?' असा नव्हता. 'प्रसाद काय ठेवणार?' असा होता. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मी चित्रकलेचा मास्तर. नोकरी संपेपर्यंत पेपरांतली, दिवाळी अंकांतली व्यंगचित्रं कापून जपली आणि स्वतःही पुष्कळ काढली. आमच्या पंचक्रोशीतल्या एकूणएक नाकांचा माझा अभ्यास आहे. गावात दूध डेअरीची खोली बंद पडून होती. तिला चुना मारला, आंबूस वास जाईल म्हणून आठवडाभर दारं उघडी टाकली. वास गेला नाही, पण चार मांजरं मात्र रोज येऊ लागली.

चौकटी बनवायला मी नंदुरबारच्या एका चाचांकडे गेलो. त्यांच्या घरात हा धंदा आजोबांपासूनचा. काम इतकं चोख की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. मात्र त्यांच्याकडे गिऱ्हाईक दोनच कारणांनी येतं, एकतर देव नाहीतर घरात कुणी वारलेलं. मी एकेक चित्र पुढे सरकवायचो आणि चाचा खालच्या आवाजात विचारायचे, "कब हुआ?"

पहिल्या दहा चित्रांपर्यंत मी समजावून सांगितलं. हे गमतीचं आहे, हा माणूस खरा नाहीच, हसण्यासाठी आहे. चाचा मान हलवायचे आणि पुढच्या चित्राला पुन्हा तेच विचारायचे. शेवटी मी कंटाळलो. खुर्चीला चिकटलेल्या ढेरपोट्या पुढाऱ्याच्या चित्रावर तर मी सरळ सांगून टाकलं, "पिछले महिने." चाचांनी दोन्ही हात वर करून त्याच्यासाठी दुआ मागितली.

चौकटी तयार होऊन आल्या तेव्हा प्रत्येकीच्या माथ्यावर पितळेचा छोटा आकडा होता. "हार के वास्ते," चाचा म्हणाले. "मास्तर, ये अपनी तरफ से." एवढ्या प्रेमाने दिलेला आकडा उपटून काढणं माझ्याच्याने झालं नाही.

आता सगळ्यात मोठ्या चित्राबद्दल सांगायला हवं. ते माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. नऊ वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात मी ते मांडवाच्या दारात लावलं होतं. हात जोडून पाहुण्यांचं स्वागत करणारा दादा, आणि त्याच्याआधी दोन पावलं पुढे येऊन स्वागत करणारं त्याचं नाक. वऱ्हाड पोट धरून हसलं. नवरदेवाच्या मामांनी त्या नाकाशेजारी उभं राहून फोटो काढले. दादा पाहुण्यांना हात जोडत राहिला. पोरीची पाठवणी झाली, मांडव उतरला, आणि तेव्हापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला.

मीही कमी हट्टी नाही. चित्र तर चांगलंच उतरलं होतं, मग माफी कसली मागायची? दादाचं शेतीअवजारांचं दुकान विसरवाडीला हायवेवर आहे. बस तिथून जायची तेव्हा मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघायचो. पण खोटं कशाला बोलू, हे सगळं संग्रहालय मी मांडलं ते निम्मं त्याच्यासाठी. त्याने एकदा यावं, ते चित्र बघावं आणि हसावं, एवढीच माझी इच्छा होती. आमंत्रण मात्र मी त्याला पाठवलं नाही. कुणाकडून तरी कळेल आणि येईल, असं मनाशी धरून मी चित्र दाराच्या अगदी समोर टांगलं.

उद्घाटनाला सरपंच आले, शाळेतले जुने सहकारी आले, शंभरेक माणसं आली. सगळ्यांनी बाहेर चपला काढल्या. बायका डोक्यावर पदर घेऊन, पोरांना गप्प करत, एकेका चित्रासमोरून हळूहळू पुढे सरकत होत्या. कुणी हसेना. ढेरपोट्या पुढाऱ्यासमोर एक म्हातारे बाबा बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "चांगला मानूस व्हता भो."

सगळे सतरंज्यांवर बसले. सूत्रसंचालन माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याकडे होतं. तीस वर्षं त्याने शाळेचे कार्यक्रम चालवले. माईक हातात आला की त्याचं तोंड आपोआप सुरू होतं. तो म्हणाला, "सर्वप्रथम मान्यवरांच्या हस्ते प्रतिमापूजन."

प्रतिमा कुठली पुजायची, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पण हार होता, नारळ होता, उदबत्ती पेटलेली होती. सरपंचांनी आजूबाजूला पाहिलं. समोर सगळ्यात मोठी चौकट, तिच्यात हात जोडलेला माणूस, आणि वर तयार आकडा. त्यांनी दादाला हार घातला आणि नारळ फोडला. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या." सगळे उठले. उठलोच आहोत तर, म्हणून मीही मान खाली घालून उभा राहिलो.

फोटो जेवणाच्या आत सगळ्या ग्रुपवर पोचला. दादाच्या सख्ख्या भावाने खाली मान घातलेली, मागे हार घातलेली तसबीर. आणखी काय पुरावा पाहिजे? संध्याकाळपर्यंत भावपूर्ण श्रद्धांजलीच्या रांगा लागल्या. नाक फारच मोठं दिसतंय, अशी शंका एका भाच्याने काढली होती. शेवटी शेवटी सूज येते, असं त्याला दुसऱ्याने समजावलं.

आमच्याकडे मयताची बातमी कानावर आली की दारावर जावंच लागतं. त्या घरच्या दारी जाऊन बसायचं, चार शब्द बोलायचे. भांडण असो, वैर असो, दारावर न जाणं म्हणजे नातं तुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीचा फोन आला. ती माहेरी धावत आली होती. "काका, अक्कलकुव्यापासून लोक येताहेत. जीपा भरून. पप्पाच दारात उभे राहून सगळ्यांना पाणी देताहेत." अक्कलकुव्याच्या मावशी दादाला जिवंत बघून घटकाभर गांगरल्या होत्या. मग त्यांनी ओसरीवर बैठक मारली आणि जाहीर केलं, "आते इतली दूर उनू शे, तं रडीसनच जासू." आणि रडल्या. दादाने त्यांना चहा दिला.

मी फोन ठेवला. हसू आलं, लाजही वाटली. जायला हवं, असं एकदा मनात आलं. पण गेलो तर आपणच हे घडवून आणलं असं दादाला वाटेल, म्हणून दिवसभर मी गावभर फिरून लोकांना 'दादा धडधाकट आहे' असं सांगत राहिलो. लोक माझ्या पाठीवर हात ठेवायचे. धक्क्याने मास्तरच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांचं मत पडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत झाडू मारत होतो. बाहेर मोटारसायकल थांबली. दादा आत आला. त्यानेही चपला बाहेर काढल्या होत्या. नऊ वर्षांत तो वाळला होता, केस पार गेले होते. स्वतःच्या चित्रासमोर, त्या सुकलेल्या हारासमोर तो उभा राहिला. मी झाडू घट्ट धरून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. हसतोय का, एवढंच मला बघायचं होतं.

तो हसला नाही. चित्रावर चिडलाही नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "समदा लोके उनात. ज्यास्ले मी वळखत बी नही, त्या बी उनात. तू काबर नही उना?"

मी का आलो नाही, हा प्रश्नच मला कळेना. मी म्हणालो, "दादा, माले तं माहीत व्हतं, तू जित्ता शे."

"मंग?" दादा म्हणाला. "जित्ता व्हतू, तं नऊ वरीसमा कोठे उना तू?"

मांजरांपैकी एक त्याच्या पायाशी येऊन बसलं. त्याने वाकून त्याच्या डोक्यावर हात फिरवला. नऊ वर्षं मी त्याच्या हसण्याची वाट बघत होतो आणि तो नुसती माझी वाट बघत होता, हे मला तिथे, झाडू हातात असताना कळलं.

मी खोलीला कुलूप लावलं आणि त्याच्या मागे बसलो. विसरवाडीला पोचलो तेव्हा ओसरीवर पाचसहा पाहुणे बसलेले होते. आम्ही दोघं गाडीवरून उतरलो तसे ते उठून उभे राहिले. वहिनीने मला पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि माझा बांध फुटला. रीतीप्रमाणे सतरंजीवर बसून मी दादासाठी मोठमोठ्याने रडलो. दादा शेजारी मांडीला मांडी लावून बसला होता. कुणीतरी हळूच विचारलं, हे कोण. तो म्हणाला, "मन्हा धाकला भाऊ शे. त्याले जराखा उशीर व्हयना."