दाराबाहेरचा माठ

सुताराच्या पोरीने शाळेत बाई होऊन खडू धरला तरी तिचा हात रंधा विसरत नाही. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात गिरणीजवळच्या एका चाळीत राहायचे. शेजारच्या खोलीत एक विड्या वळणारी बाई चार वर्षांच्या लेकीला घेऊन राहायला आली. नवऱ्याने कपाळ फोडलं म्हणून होटगीचं घर सोडून आलेली. भुवईवरची जखम अजून ओली होती. माहेरी तिला जागा नव्हती. ही खोली सुटली तर परत त्याच्याच दारात जायचं, आणि सुटली नाही तरी तो एखाद्या दुपारच्या गाडीने येऊन तिला ओढत नेणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

तिच्या दाराला आतून एक लेचीपेची कडी होती. ती बघून मला हसूच आलं. मी लोहाराकडून दोन जाड आकडे घडवून आणले, दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत वीतभर खोल गाडून सिमेंट भरलं आणि मनगटाएवढा बाभळीचा अडसर तासून दिला. बायकामाणसाने करवत चालवलेली बघायला दोघे-तिघे पुरुष उभे राहिले. त्यांना मी लाकूड धरायला लावलं.

"आता हत्ती आला तरी आत येत नाही," मी तिला म्हणाले. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

आठ दिवसांनी तो आला. निकालपत्रकांमुळे मला शाळेत उशीर झाला होता. घरी आले तर तिचा ओठ फुटलेला आणि अडसर कोपऱ्यात धडधाकट उभा. शेजारणींनी मिळून त्याला हाकललं होतं.

"दार उघडलंसच कशाला?" मी तिच्यावरच डाफरले.

"पानी मागितलं त्यांनी," ती म्हणाली. "घोटभर पानी दे म्हनले. उनातनं आलेल्या मानसाला न्हाय कसं म्हनायचं, बाई?"

सोलापूरच्या वैशाखात दाराशी आलेल्याला पाणी नाकारणं आमच्या चाळीत कोणालाच जमलं नसतं, मलाही नाही. तो ते ओळखून होता. आकडे, सिमेंट, लाकूड या सगळ्याचा मी विचार केला होता, तिचा तेवढा केला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

पाणी देऊ नकोस असं तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी एक तिवई ठोकली, ती तिच्या दाराबाहेर ठेवली आणि तिच्यावर माठ, झाकण, पेला. माठ भरायचं शेजारणींनी वाटून घेतलं. दाराला गिरमिटाने बोटभर भोक पाडलं, बाहेरचं दिसावं म्हणून. मग रोज मी बाहेरून पाणी मागायचे आणि तिने आतून उत्तर द्यायचं. पहिले दोन दिवस तिचा आवाजच फुटेना.

पंधरा दिवसांनी तो परत आला. मी माझ्या दारात पटाशीला धार लावत बसले होते, ती हातात तशीच राहिली. बाकीच्या बायका विड्यांची सुपं घेऊन गॅलरीत बसलेल्या.

"पानी दे गं," तो म्हणाला. "लई तहान लागलीया."

"माट भायेरच हाय," आतून आवाज आला. "पोटभर प्या."

त्याने माठाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि दाराला लाथ घातली. मग दुसरी. अडसर हलला नाही. सुपं बाजूला सारून बायका उठल्या, तसा तो पाणी न पिताच जिना उतरला.

मी जाऊन तिचं दार वाजवलं. "अगं, गेला तो. उघड."

"कोन हाय?" तिने विचारलं.

चाळीत भर दुपारी हे कोणी कोणाला विचारत नसे. मी माझं नाव सांगितलं. भोकाला डोळा लागला. त्या डोळ्याने मला नीट बघून घेतलं, मग माझ्यामागचा जिना बघितला. मी उभीच. आत अडसर निघायला लागला तेव्हा माझे डोळे भरून आले. दाराबाहेर ताटकळणं मला उभ्या जन्मात इतकं आवडलं नव्हतं.