दाराचं कलम

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. खळ्यावर धान पडलं की चिमण्या येतात, तसे चार नाटकवाले चहाला बसले की किस्से आपोआप येतात. आमच्या युनियनचे तर इतके झालेत, की लग्नाच्या मांडवातही बायका मला धरतात, "बाई, देवाजीभाऊचा एखादा सांगा ना!"

देवाजीभाऊ म्हणजे झाडीपट्टीतल्या नाटकांतले खलनायक आणि आमच्या कलावंत युनियनचे अध्यक्ष. मी स्टेजवर त्यांचा छळ सोसणारी बायको. आणि मॅट्रिक पास, म्हणून युनियनची सेक्रेटरी!

तेव्हा गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. गावोगावी दिवसा शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळायचे आणि रात्री नाटक व्हायचं. आम्ही बायका कपडे बदलायचो ते स्टेजमागे, दोघींनी धरलेल्या साडीच्या आडोशाला. टवाळ लोक झाडावर चढून बसायचे! म्हणून नाटक बोलावणाऱ्या गावच्या मंडळाशी होणाऱ्या करारात आम्हाला एक कलम हवं होतं. बायकांच्या रंगपटाला दार पाहिजे. ते मिळालं नाही तर पुढच्या हंगामात तोंडाला रंग लावायचा नाही, असं आम्ही सगळ्या बायकांनी ठरवलं होतं. काहींच्या घरून तर तशी ताकीदच होती.

*

युनियनची पहिली सभा कुरखेड्याला, एका राइस मिलच्या आवारात झाली. करार कुठपर्यंत आला ते भाऊंनी सांगायचं होतं. भाऊ उठले, छाती फुगवली, "कलावंतहो! आपली एकजूट म्हणजे सागाचा बुंधा! कोण तोडते ते पाहतो!" आणि सवयीनं शेवटी खलनायकाचं गडगडाटी हसू हसले.

मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

आमच्याकडे वन्स मोअर आला की नाही म्हणायची रीत नाही. भाऊंनी अख्खं भाषण पहिल्यापासून पुन्हा केलं. हसण्यासकट!

*

पुरुष मंडळींना मात्र हे कलम पटत नव्हतं. त्याच सभेत आमचा नायक म्हणाला, "एका दारासाठी काऊन भांडून राह्यले? उद्या मंडळानं नाटकच रद्द केलं तर?"

तेव्हा सोमाजीबुवा उठले. बुवा जन्मभर दंडारीच्या खेळात बायांची कामं केलेले. ते म्हणाले, "बाबू, चार लोकांसमोर एकदा लुगडं नेसून पाह्य, मंग बोल."

"मुद्दा बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "नेसा सगळे!"

बाजाराचा दिवस, मिलचं फाटक सताड उघडं. भाऊंनी स्वतः नाटकाच्या पेटीतून पहिलं लुगडं घेतलं. निऱ्या घालेपर्यंत फाटकात ही गर्दी! एक भाजीवाली ओरडली, "अगं माय! या बाईच्या पोटऱ्यायले केवढे केस!" आमचा नायक अर्ध्या लुगड्यातच पळाला आणि धानाच्या पोत्यांमागे दडला.

भाऊंनी तशाच अवतारात मत विचारलं, "दार पाहिजे का नाई?"

पोत्यांमागून आवाज आला, "पाहिजे! आतून कडी पण पाहिजे!"

*

मग भाऊंनी कलम सांगितलं आणि मी लिहिलं, "बायकांसाठी मजबूत दार असावे, कडीसकट." एका गावानं ते लगेच मान्य केलं. आम्ही आनंदात पोचलो. पाहतो तर काय, स्टेजमागच्या धानाच्या बांधीत चौकटीसकट एक दार उभं. अस्सल सागवान, पितळी कडी. आजूबाजूला काहीच नाही. नुसतं शेत!

"आणि भिंती?" मी विचारलं.

मंडळाचे चिटणीस गोंधळले. "बाई, करारात दार होतं. भिंतीचं कुठी होतं?"

आमची नायिका लीला दारापाशी गेली. शांतपणे तिनं कडी वाजवली.

पलीकडे बैल चारत बसलेल्या म्हाताऱ्यानं आवाज दिला, "या ना बाई, उघडंच आहे!"

त्या संध्याकाळी भाऊंनी कलमात चार भिंती आणि वर छप्पर घातलं.

*

नवा करार घेऊन भाऊ आणि मी गावोगाव हिंडलो. एका गावात वेशीवरच एक म्हातारी खराटा घेऊन आडवी आली. मागच्या साली नाटकात भाऊंनी मला भर पावसात घराबाहेर काढलं होतं, ते ती विसरली नव्हती.

"मेल्या, कोणत्या तोंडानं आलास?"

भाऊ हात जोडून म्हणाले, "मावशी, मी बायांच्याच भल्यासाठी आलो!"

"तुह्यावर कोण भरोसा ठेवते?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बाई, तू याच्यासंग अजून काऊन राहतेस? माह्या घरी ये. दोन घास खाऊन घे."

मी जेवून आले. वांग्याची भाजी फार छान होती. भाऊ वेशीवरच बसून होते!

*

पण खरी गाठ होती पाटलांशी. त्यांच्या गावचा शंकरपट सगळ्यांत मोठा. त्यांनी सही केली तर बाकीची गावं करणार, नाही केली तर आमचं कलम संपलं. पाटलांनी आम्हाला आधी परत पाठवलं होतं. "नाटक आहे का कारखाना?" असं म्हणाले होते.

पाटील स्वतः दरवर्षी गावच्या नाटकात राजा व्हायचे. आमच्याकडे गावातले हौशी लोकही आमच्यासोबत कामं करतात. पाठांतर कोणाचंच नसतं. पडद्याआडून प्रॉम्प्टर वाक्य सांगतो, ते ऐकायचं आणि म्हणायचं. आमचे प्रॉम्प्टर माणिकमास्तर. कोणी अडलेलं त्यांना बघवतच नसे.

या वेळी भाऊंनी मास्तरांना सोबत नेलं. पाटलांच्या ओसरीवर, खांबामागे बसवलं. सगळं गाव जमलं होतं. मास्तर हळू आवाजात सांगत होते, भाऊ ठणकावून बोलत होते. भाऊंचं संपलं आणि सगळे पाटलांकडे पाहू लागले.

पाटील उठले. तोंड उघडलं. शब्द काही येईना.

खांबामागून मास्तरांचा हळू आवाज आला, "तुमची मागणी न्यायाची आहे."

पाटलांचा हात वर गेला. "तुमची मागणी न्यायाची आहे!"

"आमच्याही घरी लेकीबाळी आहेत."

"आमच्याही घरी लेकीबाळी आहेत!"

मी करार आणि पेन पाटलांपुढे सरकवलं. भाऊ पुतळ्यासारखे उभे.

"असे म्हणून सही करतो."

"असे म्हणून सही करतो!" पाटील गरजले, आणि त्यांनी खरोखरच सही केली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी कागद उचलून पिशवीत घातला. पाटील मात्र पेन हातात धरून तसेच उभे होते, मान थोडी तिरपी, खांबाकडे कान लावून.