बेळगावशी राहिलेला सामना

दुपार कलली आहे. सरनोबतांच्या सगुणाबाई हिंदुरावाच्या उशाशी बसल्या आहेत. लेकाला मुदतीचा ताप. घरात सुना आहेत, पण कपाळावरच्या पट्टीला त्या कुणाला हात लावू देत नाहीत. "तुमच्या पट्टीनं ताप उतरत न्हाई, नुसती उशी भिजती," असं थोरल्या सुनेला सकाळीच ऐकवून झालं आहे. पण जागरणानं अंग आंबलंय. पट्टी पिळता पिळता हात वाडग्यातच राहतो.

"आई."

सगुणाबाई ओ देत नाहीत. गेलेल्या माणसाच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, हे त्यांनीच अख्ख्या गल्लीला शिकवलेलं.

"आई गं."

दुसरीलाही नाही.

"आता तिसऱ्यांदा बोलवाय लावू नगंस. दमलोय मी."

"दमायला काय नांगर धरला होतास?" सगुणाबाईंच्या तोंडून निघून जातं.

दारात रंगराव उभा आहे. थोरला लेक, कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन. त्या साली पोरांनी सांगली लोळवली, पुणं लोळवलं आणि शेवटचा सामना बेळगावशी बरोबरीत सुटला. तो परत खेळायचा ठरला होता. तेवढ्यात गावात उंदीर पडले. माणसं रानात झोपड्या घालून राहिली, कॉलेजला कुलूप लागलं, आणि रंगराव झोपडीतून घरी आलाच नाही. प्लेगानं नेला. अजून विशीतलाच आहे. पाय अनवाणी, घोट्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या.

तो वाकून खाटेकडं बघतो. "हिंद्या म्हातारा झाला की गं."

"हुनारच. जगलाय त्यो."

दाराबाहेर अंगण नाही. मैदान आहे. मैदानाच्या मधोमध सगुणाबाईंची चूल पेटली आहे आणि त्या तिच्यापुढं भाकरी थापत बसल्या आहेत. आपण उठून इथं कधी आलो, हे त्यांना आठवत नाही, आणि त्याचं नवलही वाटत नाही. समोर पंगत बसली आहे. प्रत्येक सामना झाला की टीम त्यांच्याच घरी जेवायची, तशीच. सगळी गेलेली पोरं. एक जर्मन युद्धात बसऱ्याला मारला गेला, दोघं इन्फ्लुएंझात गेले, कदमांचा पोरगा तर परवाच्या दिवाळीत. दहा पानांवर दहा जण. अकरावं पान मोकळं.

कुणीच घास उचलत नाही.

"जेवा की रं! मुंडावळ्या बांधून बसल्यागत काय बसलाय?"

"शिट्टी झाल्याबिगर जेवायचं कसं?" रंगराव म्हणतो. "बेळगावचा सामना अजून चाललाय, आई. आमच्या गोलात कुणी न्हाई. रोज गोल खातोय, रोज चेंडू पुन्हा मधी ठेवतोय. हिंद्या आमचा गोलकीपर. त्यो आला की अकरा हुतील आणि सीझन संपंल. निजायचंय आम्हाला."

हाही पोटचाच. सगुणाबाई मान वळवतात. हिंदुरावाची खाट गोलाच्या दोन खांबांमध्ये मांडली आहे. तो कण्हतो आहे. पोरं पानांवरून उठून खाटेचे पाय धरू लागली आहेत.

"हात तर लावून बघा! उलथनं तापवून ठेवलंय!" त्या ओरडतात. "त्याची लेक उजवायची हाय अजून. त्यो येनार न्हाई."

"मग आम्ही असंच पळत राहू?"

रंगराव हे भांडून म्हणत नाही. नुसतं विचारतो. सगुणाबाईंचे गुडघे ठणकतात. त्या चुलीपुढून उठतात, कासोटा घट्ट खोचतात आणि खाटेच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहतात.

"अकरावी मी."

दहाच्या दहा जण हसतात. रंगरावही. "आई, त्याला कॉलेजात नाव लागतं. तू बिगरीसुद्धा पुरी केली न्हाईस."

"तुमचं कॉलेज माझ्या चुलीवर शिकलं. ह्या घरातनं जोंधळ्याचा दाणा माझ्या नजरंबाहेर गेला न्हाई कधी. ह्यो एवढा चेंडू जातोय व्हय?"

"मग अडव." रंगराव चेंडू मांडतो. चिखलानं जड झालेला, चामड्याच्या वादीनं आवळलेला जुना चेंडू. "आई हायस म्हणून हळू मारनार न्हाई."

"हळू मारलास तर कानफटात दीन."

तो चार पावलं मागं जातो. धावत येतो. सगुणाबाई डोळे मिटत नाहीत. मागं हिंदुरावाचा श्वास घरघरतो आहे, तेवढाच ऐकू येतो. आणि उजव्या तळव्यावर असा दणका बसतो की खांद्यापर्यंत झिणझिण्या जातात. चेंडू त्यांच्या पायाशी पडतो.

कुणी हसत नाही. रंगराव चेंडू उचलून काखेत धरतो.

"मग चल."

"आज कशी येऊ? घर असं उघड्यावर टाकून? येईन माझ्या सवडीनं. आणि तवर कुणी पळायचं न्हाई, सांगून ठेवते. मी आल्याबिगर सामना न्हाई. बेळगावच्यास्नी माझं नाव सांग."

"ऐकतील ते?"

"तुमी ऐकलं नव्हं?"

एकेक जण गवतात बसतो. रंगराव घोट्यांच्या चिंध्या सोडतो, त्यांचीच उशी करतो आणि कुशीवर वळतो. लहानपणी निजायचा तसा, गुडघे पोटाशी घेऊन.

"आत्याबाई! आवं आत्याबाई, बघा तरी!"

थोरली सून खांदा हलवते आहे. हिंदुरावाच्या अंगाखालचं घोंगडं घामानं चिंब झालं आहे. कपाळ गार. तो ओठांवरून जीभ फिरवतो आणि पुटपुटतो, "पाणी."

"मगाधरनं त्येच म्हणतायत. मी द्यायला गेले तर तुमी झोपंत उलथन्याची भाषा कराय लागलासा."

"बरं, बरं. आण तांब्या."

सगुणाबाई लेकाच्या मानेखाली उजवा हात घालतात आणि कळ मस्तकात जाते. हात काढून बघतात. तळवा लालबुंद सुजला आहे. मधोमध चामड्याच्या वादीचे आडवे वळ उठले आहेत, एकाखाली एक.

"अगं बया, हाताला काय झालं?" सून विचारते.

"काय न्हाई. पाणी वत."

तोच हात त्या पुन्हा मानेखाली घालतात. हिंदुरावाचं डोकं जड आहे, आणि तो घोट घोट, सावकाश पितो. सगुणाबाई हात बदलत नाहीत.