शेंदूर लागलेला नमुना

"आधी साल काढा," असं म्हणत सर भिंग डोळ्याला लावायचे आणि हात पुढे करायचे. त्या हातावर ताज्या दगडाचा कपचा ठेवायचा. उन्हापावसानं पिवळट पडलेली कड त्याला राहिली असेल, तर कपचा खिडकीतून बाहेर. वाशीमच्या आमच्या कॉलेजात ते भूशास्त्राचे प्रमुख आणि मी प्रयोगशाळा सांभाळणारी. खिडकीखालचा ढीग पाहून तुम्हाला वाटलं असतं, इथे बांधकाम निघालंय.

एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते गायब झाले. सापडले स्वयंपाकाच्या मांडवात, पाटा उलटा करून. "मॅडम, कण केवढे मोठे पाहा याचे! लाव्हा किती सावकाश निवला असेल!"

"सर, तिकडे अक्षता संपल्या."

निवृत्तीआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. मालेगावकडच्या एका शेतात विहीर खोदताना काळ्या दगडाखाली लाल मातीचा थर लागला आणि त्याखाली पुन्हा काळा दगड. दिसायला दोन्ही सारखेच. पण दोहोंतलं लोह, मॅग्नेशियम, टायटॅनियम वेगवेगळं निघालं असतं, तर ते एकाच लाव्ह्यातून गोठलेले नाहीत हे कळलं असतं. "सख्खे भाऊ का नुसते शेजारी, एवढं समजलं की मी मोकळा," सर म्हणायचे.

दगडातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या विद्यापीठाच्या यंत्रावर आम्हाला एकच तारीख मिळाली. वरच्या दगडाची पूड मी तयार ठेवली. खालचा सगळा दगड मात्र गिट्टीवाल्यानं नेला होता आणि विहीर बांधून, पाण्यानं भरून गेली होती. सरांनी निंबाखाली बाजूला ठेवायला लावलेला एक धोंडा, तेवढाच उरला.

घन, छिन्नी, पिशव्या, सगळं गाडीत घेऊन आम्ही पोचलो. पाहतो तर धोंड्याला शेंदूर, तेल, वर जास्वंदीचं फूल. पाणी लागलं म्हणून शेतमालकाच्या आईनं तो पूजला होता.

"सर, शेंदूर वरवरचा आहे. आतला दगड स्वच्छच असणार."

सरांनी चपला काढल्या. "राहू द्या, मॅडम."

"आजींना विचारू तरी!"

"आपण दारात घन घेऊन उभे. ती बिचारी नाही कशी म्हणेल? चला."

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. तारीख गेली. सर निवृत्त झाले आणि यंदा वारलेही.

परवा त्या बाजूला गेले होते. आजी धोंड्याला तेल लावत होती. "तुमचे सर नाही आले?"

मी सांगितलं. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली.

"त्या दिवशी घन घेऊन आलते ना? मी गोठ्यातून पाहून राह्यली होती. म्हटलं, इचारतीन. इचारलं असतं तं म्या म्हटलं असतं, फोडा. देवाले दुसरा गोटा मांडला असता."

त्या क्षणी सरांचा असा संताप आला, की डोळे भरून आले.

"आता फोडू?" मी विचारलं.

"आता कायले? पाहनाराच गेला," आजी म्हणाली आणि तेलाचा हात पदराला पुसून गोठ्याकडे वळली.