न आलेले नारळ

"नारळ बोलतात, मी काहून बोलू?" असं म्हणत आबा दारावरच्या वळचणीकडे बोट दाखवायचे. तिथं सुंभात ओवलेल्या नारळांची माळ लोंबत असे. कुरुंद्यात कुणाची जखम चिघळली की आबा तापल्या सुईनं बिब्बा टोचून त्याचं तेल लावत. ताप असला तर दुधातूनही देत. पैसा घेत नसत. बरं झालेल्यानं एक नारळ आणून द्यायचा, एवढीच रीत.

निजामीच्या शेवटच्या वर्षांत मी तिथं मास्तर होतो. दवाखाना वसमतला, बैलगाडीनं जायचं म्हणजे दिवस मोडायचा. त्यामुळं गावाचा डॉक्टर आबाच, आणि ऐट तर अशी की मोठ्या डॉक्टरानंही वचकावं. "बिब्बा उततो, अंगावर फोड येतात म्हणतात," असं मी एकदा म्हटलं. लगेच बाही सारून त्यांनी स्वतःच्या दंडावर थेंब घेतला. "झालं काही? कायी न्हाई." त्यांच्या कातडीला खरंच काही होत नसे.

मग माझ्या बायकोच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, अंग तापलं, लाली घोट्याच्या वर सरकू लागली. आबा बिब्बे घेऊन आले. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस वाद घालतो.

"आबा, ज्यांनी नारळ आणले नाहीत त्यांचं काय झालं?"

"आळशी हायेत."

"तुम्ही विचारलंत?"

ते उठून चालते झाले. बायको कण्हत म्हणाली, "आता कोण येईल? तुमच्या तोंडाला कुलूप न्हाई."

औषध फसलं तर देणाऱ्याच्या तोंडावर सांगायचं नाही, ही आमच्याकडची सभ्यता. गुपचूप दुसऱ्या गावचा वैद्य गाठायचा. आबा त्या दिवशी नारळ न आलेल्या अशाच घरांची दारं वाजवत फिरले आणि उतरलेल्या तोंडानं परत आले.

"गुरुजी, एकीच्या पायाची सालपटं निघाली. एकाला दुधातून दिला तर लघवी लाल झाली. वरच्या आळीतला गडी गेला, तो तापानं गेला समजून राहिलो व्हतो. त्याची बायको म्हणे, बिब्बा लावल्यावर पाय काळा पडला व्हता. मला कोणी बोललंच न्हाई." मग म्हणाले, "गाडी जुंपली हाय. बाईला उचला."

वसमतच्या डॉक्टरांनी पू काढला, तेव्हा नव्यानंच आलेल्या गोळ्या दिल्या. पाय वाचला. तोवर आबा दवाखान्याच्या पायरीवरून हलले नाहीत. मला त्या माणसाचा इतका लोभ कधीच वाटला नव्हता.

पुढं त्यांनी बिब्बा सोडला, ऐट सोडली नाही. ती आता गाडीची होती. "उकळल्या पाण्यानं धुवा. लाली चढली तर मला हाका मारा, गाडी माझी. अन् बरं न्हाई वाटलं तर ते आधी सांगा." लोक कुरकुरले, पण हाका मारू लागले.

निजामी गेली त्याच वर्षी आबाही गेले, झोपेतच. सकाळी दारात गाडी नव्हती. वरच्या आळीतल्या त्या गड्याच्या विधवेनं आदल्या दिवशी ती मागून घेतली होती, आपल्या फणफणलेल्या लेकराला वसमतला न्यायला. अंत्ययात्रेसाठी तिला निरोप धाडून परत बोलवावं, असं कुणीतरी म्हणालं.

"नको," माझी बायको म्हणाली. "लेकराला आधी तपासू द्या. आबा थांबतील."