न ओढलेला पडदा
हे सांगायचं मी आजवर टाळलं. परवा विमानतळावर जवानाने पडदा ओढून माझी झडती घेतली, आणि राहवेना. एकोणीसशे साठच्या सुमारास बंगलोरच्या एका कारखान्यात मी गेटवर पहारेकरी होतो. सुटताना प्रत्येकाने पिशवीतून एक गोटी काढायची; लाल निघाली तर खोलीत झडती. आमच्याच बेळगावकडच्या एका फिटरने माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं होतं, "लोकांचे खिसे चाचपणारा जावई कशाला?" लग्न मोडलं. मग एकदा तो रांगेत दिसताच मी पिशवीत नुसत्या लाल गोट्या भरल्या. "शर्ट काढा." "अण्णा, स्वल्प पडदा तरी ओढा." "खिसे चाचपणाऱ्याला कसला पडदा?" त्याने शर्ट काढला. तोवर लपवलेलं पाठभर कोड बाहेरची सगळी शिफ्ट बघत होती, आणि माझा जीव थंडावत होता. लवकरच त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. बरं झालं, म्हणालो मी. बऱ्याच वर्षांनी माफी मागायला गेलो, तर दार त्या मुलीनेच उघडलं. केस पिकले होते, ती अजून बापाच्याच घरी होती. "अप्पा पूजेला बसलेत. कोण आलंय म्हणून सांगू?" "परत येतो," म्हणून मी वळलो, आणि परत गेलोच नाही.