उतरवलेली पट्टी

परवा हार्मोनियम दुरुस्तीला टाकायला साकीनाक्याच्या एका गाळ्यात गेलो होतो. भात्याला चामडं चिकटवण्यासाठी कारागिरानं सरस तापत ठेवला होता. तो उग्र, ओलसर वास नाकात गेला आणि मी तिथल्या स्टुलावर बसूनच राहिलो. आमच्या संगीत नाटकाच्या ऑर्गनला हाच वास यायचा. दौऱ्यावर गाडीत हेलकावे खाऊन त्याचा भाता सारखा उसवायचा आणि मी सरसाचं डबडं घेऊन त्याच्या पोटात शिरायचो.

चौदा वर्षं मी त्या नाटकाला साथ केली. नायिका होत्या आमच्या बाई. पडदा उघडण्याआधी विंगेत त्यांना सूर द्यायचा, ही माझी कामगिरी. त्यांची पदं काळी पाचमध्ये, म्हणजे चांगल्याच चढ्या पट्टीत. पन्नाशीनंतर वरच्या षड्जावर त्यांचा गळा कापू लागला. पण बाईंना हे सांगायची छाती कुणाची? मी गुपचूप पट्टी अर्धा सूर उतरवली आणि दोनेक वर्षांनी आणखी अर्धा. तबलजीला तेवढं ठाऊक होतं. विंगेतला सूरच खालचा मिळाल्यावर बाईंना कळणार कुठून? प्रयोग संपला की त्या तोऱ्यात म्हणायच्या, "बघितलंस ना? गळा अजून कसला झकास आहे!" मी मान डोलवायचो. त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

मग अंधेरीत मालिकांच्या ध्वनिमुद्रणाचं कायमचं काम मिळालं आणि तबलजी आणि मी बरोबरच नाटकातून बाहेर पडलो. नव्या वादकाच्या हाती मी पदांची वही ठेवली. वहीत प्रत्येक पदापुढे काळी पाचच लिहिलेली होती. उतरवलेली पट्टी फक्त माझ्या बोटांत होती. सांगायचं राहून गेलं. घाटकोपरच्या पहिल्याच प्रयोगात, भर तानेत बाईंचा आवाज फाटला. मागून कुणीतरी हसलं म्हणे. दुसऱ्या दिवशी मला फोनवर हे कळलं, तेव्हा कारण क्षणात माझ्या लक्षात आलं. आणि खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. माझ्यावाचून अडतं तर! उद्या बाईंना फोन करू म्हटलं. आठवड्याभरात बाईंनी नायिकेची भूमिका सोडली आणि त्याच नाटकात आईचं काम घेतलं, एकही पद नसलेलं. माझा तो उद्या अकरा वर्षं उजाडला नाही.

गेल्या महिन्यात मुलुंडला त्या नाटकाचा शेवटचा प्रयोग झाला. भर दुपारीही नाट्यगृह भरलेलं होतं. नवी नायिका पदावर वन्समोअर घेत होती आणि मागे नेपथ्यातल्या ओसरीवर आई झालेल्या बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पद सुरू झालं की त्यांचे हात थांबत, संपलं की पुन्हा चालू होत. मला पुढचं काही दिसेना.

पडदा पडल्यावर रंगपटात गेलो. बाई खोबरेल तेलानं तोंडाचा रंग पुसत होत्या. "काय रे, आज बरा उगवलास!" म्हणाल्या. मी बसलोही नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

त्यांच्या हातातला बोळा गालावरच राहिला. "म्हणजे आवाज गेला नव्हता माझा?"

"नाही बाई. एक सूर खाली आला होता, बस्स."

"अरे, शेजारी ऐकतील म्हणून मी घरात आरतीसुद्धा मनात म्हणते रे."

त्यांनी आरशाकडे बघत हळूच षड्ज लावला. घोगरा, पोकळ सूर निघाला, थरथरला आणि विझला. त्यांनी पुन्हा लावून पाहिला. मग बोळा खाली ठेवला. "आता मात्र खरंच गेलाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या चिडल्या असत्या तर मला घरी जाणं सोपं गेलं असतं.

काळ सगळ्यावर औषध असतो, असं आपण म्हणतो आणि अवघड गोष्टी त्याच्यावर सोपवून मोकळे होतो. बाईंचा गळा गेला, हे त्या दिवशी घाटकोपरला खोटं होतं. एका फोनानं ते खोटंच राहिलं असतं. अकरा वर्षं गप्प बसून मी ते खरं होऊ दिलं.